धुराचा ताप

तळेगाव स्टेशनचा चौक सोडला की चाकणचा रस्ता लागतो. इंदुरी, सुदुंबरे, खालुंब्रे, महाळुंगे करत माल भरलेला ट्रक चाकणला पोचतो. अंतर वीस-बावीस किलोमीटरचं, पण शिफ्ट सुटायच्या वेळी सापडला तर दीड तास धरूनच चालावं. मागच्या पावसाळ्यात अशा एका ट्रकच्या केबिनमध्ये मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मालकाची तक्रार होती की युरियाची लाइट सारखी लागते आणि गाडी ओढत नाही. लॅपटॉपवर धुराच्या वाटेवरच्या चार सेन्सरांचे आकडे दिसत होते : १४८, १४१, १३३ आणि शेवटी १५८ अंश सेल्सिअस. पाऊण तासात यातला एकही आकडा २०० ला शिवला नाही.

पहिले तीन आकडे उतरत जातात हे बरोबर आहे. धूर इंजिनापासून लांब जाईल तसा निवणारच. पण चौथा? तिसऱ्या आणि चौथ्या सेन्सरच्या मध्ये उष्णता देणारं काही नाही, नुसता पाइप आहे. मग धूर पुढं जाऊन पंचवीस अंशांनी तापला कसा? त्या ट्रकचं सगळं दुखणं या एका आकड्यात होतं, पण ते समजायला धुराचं तापमान मोजतात कशासाठी आणि कसं, इथून सुरुवात करावी लागते.

जुन्या ट्रकला हे तापमान कुणी विचारलं नव्हतं. टेल्कोनं डेमलर-बेंझच्या सहकार्यानं १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, १९६६ मध्ये कंपनी पिंपरीला आली, आणि त्यानंतरच्या कितीतरी वर्षांच्या गाड्यांत धुराचा सेन्सर नावाची वस्तूच नव्हती. ड्रायव्हर आरशातून धुराचा रंग बघायचा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल कच्चंच बाहेर पडतंय. तापमान मोजलं जायचं ते प्रयोगशाळेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘एआरएआय’सारख्या वाहन संशोधन संस्थेत इंजिन टेस्ट बेडवर चढवलं की मॅनिफोल्डमध्ये थर्मोकपल लागायचे, आणि चाचणी संपली की निघायचे.

धुराचे सेन्सर कायमचे गाडीवर आले ते कायद्यामुळं. अवजड वाहनांच्या इंजिनाला बीएस-४ या प्रदूषण-मानकात किलोवॉट-तासामागे ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि स्थिर चाचणीतली ही मुभा ०.४ ग्रॅमवर आली. पूर्वी काजळीच्या कणांचं नुसतं वजन धरायचे, आता त्यांची संख्याही मोजायची झाली. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आणलं गेलं. बीएस-५ हा टप्पा देशानं गाळलाच. इंजिनाच्या आत कितीही सुधारणा केली तरी एवढी मोठी घट तिथल्या तिथं होत नाही. तेव्हा धूर बाहेर पडल्यावर त्याच्यावर प्रक्रिया करणं आलं. चॅसीच्या कडेला जो मोठा पत्र्याचा डबा दिसतो, ज्याला ट्रान्सपोर्टनगरीत सगळे अजून सायलेन्सरच म्हणतात, तो खरं तर रसायनाचा छोटा कारखाना आहे. आणि रसायनाचा कारखाना तापमानावर चालतो.

या डब्यात धूर तीन खोल्यांतून जातो. पहिल्या खोलीत प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप दिलेली जाळी असते. तिथं कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं डिझेल जळतं, आणि नायट्रिक ऑक्साइडचा काही भाग नायट्रोजन डायऑक्साइड होतो. दुसऱ्या खोलीत काजळी अडवणारा चिनीमातीसारखा फिल्टर. तिसऱ्या खोलीच्या तोंडाशी युरियाचं पाणी फवारलं जातं. त्यात युरिया ३२.५ टक्के असतो. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो, आणि तो अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडशी भिडून साधा नायट्रोजन आणि पाणी करतो.

प्रत्येक खोलीला आपली ऊब लागते. पहिली साधारण २०० ते २५० अंशांना जागी होते. फिल्टरमधली काजळी नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीनं २५० ते ४०० च्या दरम्यान हळूहळू जळत राहते. पण साठून बसलेली काजळी झटक्यात जाळायची तर ५५० ते ६०० अंश लागतात. युरिया फवारायचा तर धूर किमान १८० ते २०० अंश हवा, नाहीतर पाणी उडून जातं आणि युरियाचे पांढरे खडे पाइपात बसतात. वरची बाजूही सांभाळावी लागते. भरलेल्या फिल्टरमधली काजळी एकदम पेटली तर आतलं तापमान १००० च्या वर जाऊ शकतं, आणि मग फिल्टर तडकतो.

म्हणून सेन्सर एकाच जागी लावून भागत नाही. पहिल्या खोलीच्या दारातला सेन्सर परवानगी देतो : धूर पुरेसा गरम आहे, आता जादा डिझेल सोडायला हरकत नाही. काजळी जाळायची असते तेव्हा इंजिन मुद्दाम थोडं डिझेल धुरात सोडतं, ते पहिल्या खोलीत जळतं आणि धूर तापतो. किती तापला हे दुसरा सेन्सर सांगतो, आणि त्याच्या आकड्यावरून कॉम्प्युटर डिझेल कमी-जास्त करत ५५० ते ६०० ची पातळी धरून ठेवतो. फिल्टरच्या पलीकडचा तिसरा सेन्सर आत भडका तर उडाला नाही ना, ते बघतो. चौथा युरियाच्या दाराशी उभा. काही इंजिनांत टर्बोच्या आधीही एक असतो. घाटात पूर्ण ओझ्यावर तिथला धूर ७०० अंशांकडे जातो, आणि टर्बोची पाती वाचवायला इंजिनाची ताकद केव्हा उतरवायची हे त्यावरून ठरतं.

याखेरीज दोन कामं आहेत, त्यांची फारशी चर्चा होत नाही. फिल्टर किती भरलाय हे त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबाच्या फरकावरून काढतात. पण गरम धूर फुगतो, त्याच फिल्टरमधून जाताना जास्त दाब दाखवतो. तापमान माहीत नसेल तर तो दाबाचा आकडा निरुपयोगी आहे. दुसरं नॉक्स, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड, मोजणाऱ्या सेन्सरचं. त्याची तापलेली चिनीमाती पाण्याच्या थेंबानं तडकते. पाइपातला ओलावा आटला असं धुराचं तापमान सांगत नाही तोवर कॉम्प्युटर त्याला तापवतच नाही. गाडी सुरू केल्यावर नॉक्सचा आकडा लगेच का येत नाही, असं नवीन मुलं विचारतात. त्याचं कारण हेच.

आता तापमान कळतं कसं, त्याबद्दल. तळेगावात हा प्रश्न नवा नाही. माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना घेऊन अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली इथं काचेचा कारखाना उभा राहिला. काच वितळायला १४०० अंशांच्या वरची भट्टी लागते. त्या काळी जगभरच्या भट्ट्यांवर मुरलेला कारागीर झरोक्यातून आतला रंग बघून ताप ओळखायचा : तांबडा, नारिंगी, मग डोळे दिपवणारा पिवळट पांढरा. रंगावरून भट्टी ओळखणारा कारागीर आणि धुरावरून इंजिन ओळखणारा ड्रायव्हर, दोघांची विद्या एकाच जातीची. पण २०० आणि १७५ अंशांच्या धुरातला फरक रंगावरून कळत नाही. तिथं डोळा चालत नाही.

उपाय मात्र त्या कारखान्याहूनही जुने आहेत. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की किंचित विद्युतदाब तयार होतो, हे सीबेकनं १८२१ मध्ये पाहिलं. तोच थर्मोकपल. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या के-टाइप जोडीत तो दर अंशाला ४१ मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे ५०० अंशांनाही जेमतेम २० मिलिव्होल्ट. एवढासा इशारा वाचायला जवळच इलेक्ट्रॉनिक्स लागतं, आणि तारांच्या थंड टोकाचं तापमानही वेगळं मोजावं लागतं. थर्मोकपल हजार अंशांपर्यंत टिकतो आणि चपळ असतो, म्हणून टर्बोच्या आधीच्या जागेला तो शोभतो.

दुसरा प्रकार चिनीमातीच्या थर्मिस्टरचा. ताप वाढला की याचा विद्युतरोध झपाट्यानं उतरतो. गरमीत तो चांगला वाचतो, पण थंडीत रोध इतका प्रचंड असतो की सेन्सर थंड आहे की वायर तुटली आहे, हे कॉम्प्युटरला ओळखता येत नाही. पूर्वी हे चाललं. गाडीनं स्वतःच्या प्रत्येक सेन्सरची तपासणी करत राहावी अशी कायद्याची अट आल्यावर तो मागं पडत गेला.

तिसरा प्लॅटिनमचा. तापमान मोजायला प्लॅटिनमचा रोध वापरावा हे विल्यम सीमेन्सनं १८७१ मध्ये मांडलं होतं. आजच्या सेन्सरमध्ये अॅल्युमिनाच्या चिमुकल्या तुकड्यावर प्लॅटिनमची नागमोडी पातळ रेघ असते. शून्य अंशाला तिचा रोध २०० ओहम, म्हणून नाव पीटी-२००. खोलीच्या तापमानाला सुमारे २२०, तीनशे अंशांना ४२० च्या आसपास. चढण जवळजवळ सरळ रेषेत, थंडीपासून आठ-साडेआठशे अंशांपर्यंत. माझं मत विचाराल तर ट्रकच्या या डब्यासाठी हाच सगळ्यांत शहाणा पर्याय आहे, आणि त्याचं कारण निव्वळ तांत्रिक नाही. याला रस्त्याकडेचा मिस्त्री दोनशे-पाचशे रुपयांच्या मल्टीमीटरनं तपासू शकतो. थर्मोकपल ओहम मोजून तपासता येत नाही. ज्यांच्या पोटातच इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि जे थेट आकडे पाठवतात, अशा नव्या सेन्सरांसमोर मल्टीमीटर मुकाच आहे. ते अचूक असतील, पण त्यांच्याबरोबर दुरुस्तीचं ज्ञान रस्त्यावरून उठून महागड्या स्कॅनरवाल्यांकडे जातंय. याची काळजी वाटते.

सेन्सर हातात घेतला तर पेन्सिलीएवढ्या जाडीची स्टीलची नळी, मधे फिरता नट, मागं उष्णता सोसणारी वायर आणि टोकाला कपलर. नळीचं टोक बंद असलं तर काजळी-पाण्यापासून बचाव होतो, पण बाहेरचा बदल आत पोचायला काही सेकंद जास्त लागतात. टोक उघडं असलं तर सेन्सर चपळ, पण नाजूक. ट्रकवर बहुतेक वेळा बंद टोकच बरं. सेन्सर मरतो तो उष्णतेनं फार कमी वेळा. त्याला मारते ती थरथर, नट आवळताना वायरला बसलेला पीळ, क्लिप तुटल्यावर गरम पत्र्याला टेकलेली वायर, आणि पाणी. धुलाईच्या पंपाचा झोत थेट कपलरवर मारायची सवय या पट्ट्यात सगळीकडे आहे.

सेन्सर मेला की निदान सोपं असतं. वायर तुटली तर विद्युतदाब वर जाऊन चिकटतो, चॅसीला टेकली तर खाली बसतो. दोन्ही वेळा कॉम्प्युटर ओळखतो, लाइट लावतो, कोड देतो. कोडमधला एसपीएन हा आकडा सेन्सरचं नाव सांगतो : ४७६५ म्हणजे पहिल्या खोलीच्या दारातला सेन्सर, ३२४६ म्हणजे फिल्टरच्या पलीकडचा, ४३६० म्हणजे युरियाच्या खोलीच्या तोंडाचा. पुढं बिघाडाचा प्रकार सांगणारा एफएमआय ३ असेल तर विद्युतदाब जास्त, ४ असेल तर कमी. हे कोड आता निगडीच्या गॅरेजमधल्या पोरांना तोंडपाठ आहेत. अडचण इतकीच की कोड ज्या सेन्सरचं नाव घेतो तो बदलून टाकायची घाई होते, आणि कोड सांगत असतो सगळ्या वाटेबद्दल : सेन्सर, कपलर, वायर, कॉम्प्युटरची पिन.

खोटं बोलणारा सेन्सर मात्र मेलेल्यापेक्षा वाईट.

आमचा ट्रक तसाच होता. युरियाच्या दाराचा सेन्सर आधी दोनदा बदलून झाला होता, दोन्ही वेळा नवा, खरा माल. मी मालकाला म्हटलं, गाडी आज रात्री हलवू नका, सकाळी येतो. तो कुरकुरला, कारण दोन ड्रायव्हरांवर ती गाडी दिवसरात्र पळायची. सकाळी साडेसहाला, इंजिन सुरू न करता, नुसती चावी फिरवून आकडे बघितले. रात्रभर थंड झालेल्या गाडीत चारही सेन्सरांनी हवेचंच तापमान दाखवायला हवं. तिघांनी २४, २४, २५ दाखवलं. चौथ्यानं ५०.

कपलर सोडून सेन्सर एकटा मोजला : २१९ ओहम, निर्दोष. कपलर जोडून कॉम्प्युटरच्या टोकाकडून मोजलं : २४०, जरा हलवलं की खालीवर. कपलरच्या एका पिनवर हिरवट बुरशीसारखा थर होता. पाण्यानं केलेला गंज. त्या गंजाचे वीस-एकवीस ओहम कॉम्प्युटर प्लॅटिनमचे समजत होता. पीटी-२०० ला दर अंशाला पाऊण ओहमच्या आसपास फरक पडतो, तेव्हा वीस ओहम म्हणजे पंचवीस ते तीस अंशांचं खोटं. आकडा अशक्य नव्हता, म्हणून कोड नाही. थंड गाडीची सेन्सर-पडताळणी कॉम्प्युटर स्वतःही करतो, पण त्यासाठी गाडी काही तास बंद राहावी लागते. ही गाडी तेवढी थांबतच नव्हती.

त्या पंचवीस अंशांनी काय केलं ते डबा उघडल्यावर दिसलं. खरा धूर १७५ अंशांवर असताना कॉम्प्युटरला २०० दिसायचे आणि तो युरियाचं दार उघडायचा. मुंबई-पुणे महामार्गावर हे लपून गेलं असतं, कारण तिथं धूर बहुतेक वेळ २०० च्या बराच वर असतो. पण तळेगाव-चाकणच्या रांगेत गाडी पुन्हा पुन्हा त्याच घातक पट्ट्यात, पावणेदोनशे ते दोनशेच्या मधे, येत होती. फवाऱ्याच्या समोर पाइपाच्या पोटात खडीसाखरेच्या ढेपेसारखा पांढरा, कठीण गठ्ठा जमला होता. बोट घालायला जागा नव्हती. धूर कोंडला, नॉक्स वाढला, युरियाची लाइट लागली, आणि नियमाप्रमाणं कॉम्प्युटरनं ताकद उतरवली. दोन सेन्सर, एक नॉक्स सेन्सर आणि कितीतरी दिवसांचं भाडं, हा त्या हिरव्या ठिपक्याचा हिशेब.

तळेगाव-चाकण पट्ट्याचा खरा प्रश्न तापलेल्या धुराचा नाहीच, निवलेल्या धुराचा आहे. इथले असंख्य ट्रक सुटे भाग घेऊन कारखान्याच्या एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जातात. दहा-पंधरा किलोमीटर चालायचं, मग गेटपासच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. अशा गाडीचा फिल्टर स्वतःहून कधी साफ होत नाही. बांधणारे उपाय करतात : हवेचं दार अर्धवट मिटून धूर गरम ठेवणं, डिझेल उशिरा फवारणं, पाइपाला उष्णतारोधक आवरण घालणं, डबा इंजिनाच्या जवळ आणणं. पहिल्या दोन उपायांना थोडं जादा डिझेल लागतं. कॅलिफोर्नियानं आपल्या नियमांत कमी ओझ्याची वेगळी चाचणी घातली, ती याच दुखण्यावर बोट ठेवून. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूर मोजणं आलं, हे चांगलं झालं. पण रस्ता वाहता ठेवणं हेही प्रदूषण नियंत्रणाचंच काम आहे, आणि ते कुठल्याही सेन्सरला जमणार नाही.

याच वैतागातून बायपासचा धंदा वाढतो. फिल्टर पोखरून टाकायचा आणि सेन्सरांच्या जागी कॉम्प्युटरला गोड आकडे पाठवणारी डबी जोडायची. मालकाची ओढाताण मी रोज बघतो, ईएमआय थांबत नाही हेही कळतं. तरीही हे करू नये. तो धूर इंदुरीच्या शाळेसमोरूनच जातो, आणि एकदा आकडे खोटे झाले की ती गाडी पुन्हा कुणालाच नीट दुरुस्त करता येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडीला द्रुतगती मार्गावर ओझ्यासह तास-दीड तास पळू द्यावं. काजळी जळत असताना मधेच इंजिन बंद करू नये. उभ्यानं जाळायची वेळ आली तर वाळलेल्या गवतावर किंवा गॅसच्या कारखान्यात गाडी लावू नये. धुताना कपलर झाकावेत. आणि महिन्यातून एकदा, रात्रभर उभ्या गाडीचे चारही आकडे पहाटे बघावेत. या तपासणीला पाच मिनिटं लागतात. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या पोरांकडून ती पहिल्या वर्षीच करून घ्यायला हवी.

आम्ही कपलर बदलला, वायर पत्र्यापासून दूर बांधली, गठ्ठा कोमट पाण्यानं विरघळवून काढला. मग मालकाला बोरघाटातून एक फेरी मारायला लावली. खोपोली सोडून चढ सुरू झाल्यावर काही मिनिटांतच पहिला आकडा ४०० च्या पुढे गेला, बाकीचे त्याच्या मागोमाग, आपापल्या पायरीनं. परत आल्यावर संध्याकाळी पुन्हा चाकणच्या रांगेत बसलो. महाळुंग्याच्या अलीकडे गाडी थांबली होती, वायपर चालू होते. स्क्रीनवर १४७, १४०, १३३, १३१. युरियाच्या रकान्यात शून्य. धूर २०० ला पोचेपर्यंत ते शून्यच राहणार होतं.